डिस्क पुण्याला गेली

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची देखभाल थांबवली आणि रत्नागिरीत माझा भाव वधारला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, प्रोसेसरही बऱ्यापैकी अलीकडचा लागतो; जुन्या कॉम्प्युटरला ते दारातूनच परत पाठवतं. आणि चालणारी वस्तू टाकून देणं हे आमच्याकडे घर बुडवण्याचं लक्षण समजतात. मोडलेल्या खुर्चीचा एक पायसुद्धा माळ्यावर जपून ठेवलेला असतो. बाकीचे तीन पाय आणि खुर्ची कुठे गेली हे कोणी विचारत नाही. तेव्हा मारुती मंदिरापासून मिरकरवाड्यापर्यंतची जुनी धुडं रिक्षात बसून माझ्याकडे येऊ लागली. ‘जरा ते लिनक्स घालून दे.’ मोबदल्याची बोलणी होत नाहीत. घावन-चटणीची ताटली समोर येते आणि हिशेब मिटतो.

लिनक्स घालणं हे अर्ध्या तासाचं काम, तेही बरंचसं बसून राहण्याचं. खरी मजा पुढे, महिन्या-दोन महिन्यांनी फोन येतो तेव्हा. ‘तुझा तो पेंग्विन उठत नाय रे.’

पेंग्विन, म्हणजे लिनक्स, उठतो म्हणजे काय होतं? आधी कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, जागा होतो, हार्डवेअरची हजेरी घेतो, मग एकच प्रोग्राम सुरू करतो आणि मागे सरतो. त्या प्रोग्रामचा नंबर कायम १. पुढचं सगळं, म्हणजे नेटवर्क, प्रिंटर, घड्याळ, आवाज, लॉगिनची खिडकी, हा एक नंबरवाला उठवतो. पूर्वी त्याचं नाव इनिट होतं, हल्ली बहुतेक ठिकाणी सिस्टमडी असतं. या वेळात काय चाललंय, कोण उठलं, कोण अडलं, हे सगळं तो ओळीवर ओळी लिहून सांगत असतो. पण माणसं घाबरतात म्हणून त्या ओळींवर कंपनीचं चिन्ह आणि गोल फिरणारं काहीतरी झाकण घालून ठेवलेलं असतं. एस्केपचं बटण दाबलं की झाकण उडतं. माझी निम्मी विद्या एवढीच आहे. लोकांना वाटतं मी मंत्र टाकला.

ही विद्या मिळाली गावातल्या एका कॉम्प्युटर क्लासात, २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत. तेव्हा पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर लिनक्सच्या सीडी मिळत. इंटरनेटवरून एवढं मोठं काही उतरवून घ्यायचं तर टेलिफोनच्या बिलात घर विकावं लागलं असतं, त्यामुळे ती सीडी हातोहात फिरून चाळणीसारखी झालेली असायची. तीवरून सरांनी एका कॉम्प्युटरवर लिनक्स चढवलं आणि आम्हाला रनलेव्हल शिकवल्या.

० म्हणजे बंद. १ म्हणजे एकट्या मालकापुरतं, दुरुस्तीसाठी. ३ म्हणजे नेटवर्कसकट सगळं चालू, पण चित्रं नाहीत, नुसता काळा स्क्रीन. ५ म्हणजे खिडक्या, माउस, सगळा थाट. ६ म्हणजे रीबूट. ४ रिकामी होती. ती कशासाठी ठेवली आहे असं विचारलं की सर म्हणत, ‘परीक्षेला येत नाही.’ अर्थात हे सगळं लिनक्सच्या रेडहॅट घराण्यातलं. डेबियनवाल्यांनी २ पासून ५ पर्यंत सगळं सारखंच ठेवून वाद मिटवला होता. डेबियनवाल्यांनी मिटवलेला हा बहुधा एकमेव वाद.

उठल्यावर कुठल्या रनलेव्हलला जायचं हे इनिटटॅब नावाच्या फाइलीत एका ओळीत लिहिलेलं असे, आणि वर बजावलेलं असे की इथे ० किंवा ६ लिहू नका. ही सूचना लिहिणाऱ्याने विद्यार्थी ही जमात पाहिलेली नसावी. आमच्या वर्गातल्या एका गुणी मुलाने तिथे ६ लिहिलं. कॉम्प्युटर उठायचा, डिस्क तपासायचा, घड्याळ लावायचा आणि लगेच रीबूट व्हायचा. पुन्हा उठायचा, पुन्हा तेच. दिवस जूनचे होते. सरांनी पहिला संशय लाइटवर घेतला, जो रत्नागिरीत पावसाळ्यात कधीच वाया जात नाही. नवा स्टॅबिलायझर आला. रॅम काढून, खोडरबराने घासून परत बसवून झाली. शेवटी राखणदाराला नारळ ठेवायचं बोलणं निघालं तेव्हा गुणी मुलाला दया आली. सुरू होताना ‘लिनक्स सिंगल’ असं टाइप करून तो १ मध्ये शिरला, ६ चा ५ केला आणि कॉम्प्युटर ताळ्यावर आला. सरांनी सगळ्या वर्गासमोर त्याची पाठ थोपटली. नारळ तरीही ठेवला.

त्या कॉम्प्युटरची अडायची एक जागा मात्र ठरलेली होती. ‘स्टार्टिंग सेंडमेल’ ही ओळ आली की तो थांबायचा. मिनिट जायचं, कधी जास्तही. सेंडमेल म्हणजे ईमेल पोचवणारा प्रोग्राम. सुरू होताना त्याला आधी आपलं पूर्ण नाव कळायला हवं असायचं, आणि ते तो इंटरनेटवर डीएनएसला विचारायचा. क्लासातलं इंटरनेट डायल-अप. त्या फोनला सरांनी कुलूप घातलेलं. उत्तर देणार कोण? विचारून विचारून थकला की तो पुढे जायचा. उपाय दोन होते: होस्ट्स फाइलीत कॉम्प्युटरचं नाव लिहायचं, किंवा चेककॉन्फिग वापरून सेंडमेलच बंद करून टाकायचं, कारण त्या क्लासातून ईमेल पाठवणार कोण आणि कोणाला? सरांनी दोन्ही करू दिलं नाही. तेवढ्या वेळात त्यांचा चहा होत असे.

ही जुनी रीत समजायला गणपतीतलं कोकणातलं घर बघावं. मुंबईहून चाकरमानी आलेले, माणसं उदंड, न्हाणी एक. प्रत्येकाला नंबर लावून दिलेला: एस१० नेटवर्क, एस८० सेंडमेल, एस९९ लोकल. आतला बाहेर आल्याखेरीज पुढच्याने हलायचं नाही. ऐंशी नंबरचे काका आत गाणं म्हणत बसले की मागचे सगळे खांद्यावर पंचा टाकून उभे. सिस्टमडीने हे नंबर मोडीत काढले. कोणाचं कोणावाचून अडतं तेवढंच लिहून ठेवायचं आणि बाकीच्यांना एकदम उठवायचं. पाणी तापल्याशिवाय आंघोळ नाही, आंघोळीशिवाय नैवेद्याला हात नाही. पण दूर्वा आणायला जाणाऱ्याने न्हाणीच्या दाराकडे बघत बसायचं कारण नाही. आणि आरतीला उशीर झाला की कोणामुळे झाला हे सांगायलाही त्यात हुकूम आहे, ‘सिस्टमडी-ॲनालाइझ ब्लेम’. कोणी किती सेकंद खाल्ले त्याची उतरती यादी समोर येते. कोकणी माणसाला याहून गोड आज्ञा कोणी दिली नसेल. मात्र ही यादी अर्धवट खरी असते. तीत काका सगळ्यांत वर दिसतात. ‘क्रिटिकल-चेन’ नावाचा दुसरा हुकूम दिला की कळतं, काका पाण्यासाठी थांबले होते, पाणी लाकडांसाठी, आणि लाकडं पडवीत भिजत ठेवली होती ती भलत्यानेच. ब्लेम पाहून काकांशी भांडायचं आणि क्रिटिकल-चेन पाहायचीच नाही, ही चूक मी भल्याभल्या इंजिनीअरांना करताना पाहिली आहे. यादीत वर दिसणारा बिचारा प्रोग्राम, म्हणजे सेवा, बंद करतात आणि उशीर होता तेवढाच राहतो.

सिस्टमडी काही सुखासुखी घरात आली नाही. लेनार्ट पोटरिंग आणि के सिव्हर्स यांनी ती २०१० मध्ये पुढे आणली, फेडोराने २०११ मध्ये घेतली आणि मग जगभर जुंपली. डेबियनच्या तांत्रिक समितीत २०१४ च्या फेब्रुवारीत मतं समसमान पडली, अध्यक्षांच्या निर्णायक मताने सिस्टमडी निवडून आली आणि पटलं नाही त्यांनी वेगळी चूल मांडून देवुआन काढलं. रत्नागिरीत यातलं काहीही कोणाला कळलं नाही. इथे वेगळ्या चुलीची बातमी होत नाही.

आता अण्णा. भाट्याचा पूल ओलांडून पावसच्या वाटेला त्यांची बाग आहे. वाशीच्या दलालांच्या पट्ट्या, पेट्यांचा हिशेब, फवारणीची बिलं, सगळं कॉम्प्युटरवर. ऐन एप्रिलात फोन आला.

‘अरे, पेंग्विन इमर्जन्सी म्हणतोय. एकशेआठला लावू काय?’

‘काही लावू नका, अण्णा. येतो मी.’

गेलो. काळ्या स्क्रीनवर इमर्जन्सी मोडची सूचना होती. पुन्हा सुरू केला, एस्केप दाबलं. ‘अ स्टार्ट जॉब इज रनिंग’, मग एका डिस्कचा हातभर लांब क्रमांक आणि शेजारी सेकंद मोजणारं घड्याळ. मुदत दीड मिनिट. नव्वद सेकंद ही सिस्टमडीची नेहमीची मर्यादा. कुठल्या कुठल्या डिस्का उठताना जोडायच्या त्याची यादी एफएसटॅब या फाइलीत असते. यादीतली डिस्क नव्वद सेकंदांत हजर झाली नाही तर तो पुढे जायचं नाकारतो आणि इमर्जन्सीत जाऊन बसतो.

‘अण्णा, मागे एक काळी डिस्क लावलेली असायची ना?’

‘फोटोंची? ती पोरगा घेऊन गेला पुण्याला. शिमग्याला आलेला तेव्हा.’

‘आणि ती यादीत कोणी लिहिली?’

‘त्यानेच. म्हणाला, आता आपोआप लागेल.’

मी सांगितलं, हा सकाळी उठतो आणि त्या डिस्कची वाट बघत बसतो.

‘किती वेळ?’

‘दीड मिनिट.’

‘दीडच?’ अण्णा म्हणाले. ‘आम्ही शिमगा ते गणपती बघतो.’

आतून काकू म्हणाल्या, ‘आणि गणपतीतपण दीडच दिवस येतो.’

यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. मी एफएसटॅब उघडली आणि त्या डिस्कच्या ओळीत ‘नोफेल’ हा शब्द घातला. ओळ खोडून टाकता आली असती, पण काकूंनी विचारलं, ‘पोरगा डिस्क परत घेऊन आला तर लागेल ना?’ लागेल. नोफेल लिहिलं की डिस्क आली तर जोडून घेतो, नाही आली तर तिच्यासाठी अडून न बसता आपल्या कामाला लागतो. ‘शहाणा आहे,’ अण्णा म्हणाले.

कॉम्प्युटर उठला, पण रेंगाळत. तेव्हा ब्लेमची यादी काढली. अण्णा चष्मा लावून पुढे सरकले. कोर्टकचेरीत मुरलेला माणूस, नावांची यादी म्हटल्यावर त्यांची कळीच खुलली. सगळ्यांत वर ‘नेटवर्कमॅनेजर-वेट-ऑनलाइन’, म्हणजे नेट मिळेपर्यंत थांबून राहणारी सेवा. ‘हाच तो,’ अण्णा म्हणाले, ‘काढ याला.’ पण ती बिचारी राउटरची वाट बघत होती, आणि राउटर बंद होता. अण्णा रात्री झोपताना वीज वाचवायला तो बंद करतात. सकाळी आधी कॉम्प्युटर चालू, मग देवपूजा, मग राउटर. मी सुचवलं, आधी राउटर लावा. अण्णांनी माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की मी मुकाट्याने ती सेवाच बंद केली. त्यांच्या हिशेबाला उठताक्षणी नेट लागत नव्हतंच. यादीची मात्र त्यांनी प्रिंट काढून घेतली. का, ते मी विचारलं नाही.

नको ती सेवा बंद करण्यातही दोन प्रती आहेत. ‘डिसेबल’ केलेली सेवा स्वतःहून उठत नाही, पण दुसऱ्या कोणी हाक मारली तर येते. ‘मास्क’ केलेली कोणी कितीही हाका मारल्या तरी येत नाही. नाचण्याच्या एका होतकरू तरुणाला हा फरक फारच आवडला. काही सेकंद वाचवण्याच्या नादात त्याने ब्लूटूथ, प्रिंटर, नेटवर्क असं जे दिसेल ते मास्क केलं आणि त्या झपाट्यात लाइटडीएमही. लॉगिनची खिडकी लाइटडीएम दाखवतो, हे त्याला दुसऱ्या दिवशी काळा स्क्रीन पाहून समजलं. कॉम्प्युटर ठणठणीत होता. जुन्या भाषेत सांगायचं तर ५ वरून ३ वर आला होता, आणि त्याला नेटही नव्हतं. पण उठत होता विजेसारखा, हे कबूल केलं पाहिजे.

तेव्हा मंडळी, फोन करण्याआधी एवढं करा. एस्केप दाबा. ज्या ओळीवर गाडी अडली असेल तिचा मोबाइलवर फोटो काढा, सेकंदांसकट. गेल्या सणाला घरातलं काय काय मुंबई-पुण्याला गेलं ते आठवून ठेवा. यादीत पहिलं नाव दिसेल त्याला लगेच मास्क करू नका. आणि तक्रार प्रिंटरची असेल तर मला फोनच करू नका. तो कोणाचंच ऐकत नाही.