घोडं पेंड खातं कुठं? (नवख्यांसाठी)

सर्वप्रथम घोडा कुठं न्यायचा ते ठरवा. आमच्या मामाच्या घरी हे ठरवावं लागत नाही. वडणग्यात मामाकडं वरातीच्या घोड्या असतात, आणि नवं जनावर घेतलं की ते आधी जोतिबाच्या डोंगरावर जातं, मग घरच्या दावणीला. म्हैस असती तर एक वेळ घरूनच नमस्कार चालला असता. पण जोतिबाचं वाहनच घोडा, त्यामुळं घोड्याला सूट नाही.

दुसरं म्हणजे, घोडा चालत नेता येतो ही गोष्ट डोक्यातून काढून टाका. चिकोडीजवळच्या अंकलीहून शितोळे सरकारांचे अश्व माउलींच्या सोहळ्यासाठी दर वर्षी आळंदीपर्यंत पायी जातात, तीनशेच्या आसपास किलोमीटर. मेंढरांमागं हिंडणाऱ्या धनगराचं भीमथडी घोडं अख्खं बिऱ्हाड पाठीवर घेऊन, वर एखादं कोकरू आणि दोन कोंबड्या बसवून घाट उतरतं. ज्या राणोजी शिंद्यांनी १७३० साली जोतिबाचं आजचं देऊळ उभं केलं, त्यांच्या घोड्यांनी नर्मदा ओलांडून माळवा गाठला, पुढच्या पिढीनं दिल्ली आणि पानिपत. वाटेत कुणी हेल्पलाइनला फोन लावल्याचं एकाही बखरीत नाही. पण ही सगळी जुन्या वळणाची माणसं. तुम्हाला सोमवारी ऑफिस आहे. तेव्हा गाडी करा.

गाडी करताना ‘छोटा हत्ती’ करू नका. नाव ऐकून वाटतं, हत्ती मावतो तिथं घोड्याचं काय? पण केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०१५ साली जी भर पडली, तिच्यानुसार जनावराच्या गाडीत प्रत्येक घोड्याला सव्वादोन चौरस मीटर जागा लागते. गाई-म्हशीला दोन, शेळी-मेंढीला ०.३. म्हणजे कायद्याच्या लेखी घोडा गाईपेक्षा पाव चौरस मीटरनं मोठा. जनावरांच्या वाहतुकीचे १९७८ चे नियम तर आणखी जिव्हाळ्याचे आहेत. गाडीच्या बाजूंना आतून गादी हवी. दोन घोड्यांच्या मध्ये किमान आठ सेंटिमीटर जाडीचा बांबू हवा. चार ते सहापेक्षा जास्त घोडे एका गाडीत नकोत. चढवण्याआधी खाणंपाणी झालेलं हवं, आणि प्रवासाला तंदुरुस्त असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला हवा. घोड्याचं तोंड रस्त्याच्या डाव्या बाजूला असावं, म्हणजे येणारी-जाणारी वाहनं बघून ते बिचकणार नाही. हा नियम करणारा माणूस घोड्याजवळ उभा राहिलेला असणार, असं मला नेहमी वाटतं. मात्र डावीकडं तोंड करायचं तर घोडा हौद्यात आडवा उभा राहिला पाहिजे, आणि पिकअपात घोडा आडवा मावत नाही. मामाची पहिली गाडी तिथंच बाद झाली. मग आयशर आली.

आणि वेग. ताशी पस्तीस किलोमीटरच्या वर नाही. अकलूजला दिवाळीत घोडेबाजार भरतो, तिथून सांगोला-मिरज करत कोल्हापूर दोनशे किलोमीटरच्या आतबाहेर. पस्तीसनं निघालात तर सहा तास. मागचे हॉर्न देतील, शिव्या देतील, आणि एखादी उसाची ट्रॉलीही ओलांडून जाईल. जाऊ द्या. घोडी हौद्यात चारी पायांवर उभी आहे आणि प्रत्येक ब्रेक ती पायांनीच सोसते. अर्ध्या वाटेत थांबून तिची दोरी सैल करा, मान खाली घालू द्या. डोकं उंच बांधून तासन्‌तास ठेवलं की नाकातोंडातली घाण खाली पडायच्या ऐवजी छातीत उतरते, आणि मागाहून घोडं तापानं फणफणतं. पाणी पाजा, पण तोबरा भरभरून हरभरा देऊ नका. घोड्याला उलटी करता येत नाही. पोटात गेलेलं पुढंच सरकतं, आणि नाही सरकलं तर पोट धरतं. त्या रात्री विम्याचं कुठलंच कव्हर कामाला येत नाही.

आता कव्हर. चष्मा लावा.

मालवाहू गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत गाडी ओढून जवळच्या गॅरेजपर्यंत न्यायचा खर्च धरलेला असतो, आजवर छापत आलेला आकडा अडीच हजार रुपये. पण तो अपघातानंतरचा. गाडी नुसतीच बंद पडली, तर त्याच पॉलिसीत यांत्रिक बिघाड वगळल्याचं लिहिलेलं सापडतं. मामानं हे दोन्ही परिच्छेद लागोपाठ वाचून घेतले आणि विचारलं, “म्हंजे क्लच जळला की आधी झाड बघायचं व्हय धडकायला?” हा अर्थ या मार्गदर्शनात बसत नाही.

म्हणून वर थोडे पैसे भरून ‘रोडसाइड असिस्टन्स’ घ्यायचं. त्यात पंक्चर, उतरलेली बॅटरी, संपलेलं डिझेल, क्रेन असं सगळं येतं. प्रवाशांना टॅक्सी येते. काहींत हॉटेलही येतं. घोडा येत नाही. तो प्रवासी नाही, आणि मालाची जबाबदारी ज्याची त्याची. घोड्याचा स्वतःचा विमा असतो, पण तो मुख्यतः घोडा मेल्यावर तोंड उघडतो. घाटात तहानलेल्या घोडीबद्दल त्याला काही म्हणायचं नसतं. विलायतेत घोडेवाल्यांसाठी वेगळं कव्हर मिळतं. गाडी ओढायला एक गाडी येते, घोडा पुढं न्यायला घोड्यांचीच दुसरी, आणि रात्र पडली तर तबेल्याची सोय. तिथली माणसं पॉलिसी घेताना पहिला प्रश्न विचारतात तो असा, की घोडा आत असताना तुम्ही गाडी ओढता का? तुम्हीही विचारा. उत्तर मिळेल म्हणून नव्हे. पलीकडचा माणूस किती वेळ गप्प बसतो, ते मोजायला.

सरकारी नंबर मात्र पाठ करून ठेवा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३, तिथून क्रेन मिळते. जनावराच्या डॉक्टरांच्या फिरत्या गाडीसाठी १९६२. दोन्ही उपयोगाचे आहेत. पण गाडीलाही कळतं की १०३३ महामार्गापुरताच आहे, म्हणून ती महामार्गावर बंद पडत नाही.

अकलूजच्या बाजारातून मामाची नवी घोडी घेऊन आमची गाडी दोनशे किलोमीटर सुतासारखी आली. शिवाजी पूल ओलांडला, केर्लीवरून डोंगराला वळलो, आणि देऊळ तीन-चार किलोमीटरवर असताना चढाला जळक्या रबराचा वास आला. ड्रायव्हरदादांनी एकदा गिअर टाकला, दुसऱ्यांदा टाकला, मग हँडब्रेक ओढून शांतपणे म्हणाले, “प्लेट गेली.” क्लीनर उडी मारून चाकाला दगड लावून आला. मी फोन काढला. कव्हर माझ्या आग्रहावरून घेतलेलं होतं.

कंपनीचं नाव सांगत नाही. पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती.

“वाहनात किती प्रवासी आहेत, सर?”

“चार. आणि एक घोडी.”

“मॉडेल नंतर घेते, सर. मालवाहू आहे का? माल काय आहे?”

“घोडी.”

बटणं वाजली. “सर, माल नाशवंत आहे का?”

मी फोनवर हात ठेवून मामाला विचारलं. मामा म्हणाला, “सगळेच नाशवंत. व्हय म्हण, लवकर येतील.”

“लोकेशन, सर?”

“जोतिबा.”

“ज्योतिबा फुले चौक?”

“नाही हो. जोतिबा डोंगर. दख्खनचा राजा.”

“सर, सिस्टिमला गावाचं नाव लागतं.”

इथं नवख्यांनी नीट लक्ष द्यावं. कोल्हापुरातल्या शेंबड्या पोरालाही जोतिबा म्हटलं की डोंगर दिसतो, पण सरकारदरबारी त्या गावाचं नाव जोतिबा नाही. कागदावर ते वाडी रत्नागिरी आहे. मी शहाणपणानं तेच सांगितलं, वर रस्ता विचारला तर कोल्हापूर-रत्नागिरी रस्ता म्हणूनही सांगितलं. तेही खरंच आहे, केर्लीपर्यंत. “मिळालं, सर,” ती म्हणाली, “गाडी तासाभरात पोचेल.”

तासभर थांबू नका. उन्हात उभ्या गाडीचा पत्रा तापतो, आणि चालती गाडी सोसणारं जनावर उभ्या गाडीत घाबरतं. आमची घोडी पाय आपटायला लागली. पंधराव्या मिनिटाला डोक्यावर वैरणीचा भारा घेतलेला एक म्हातारा वरून उतरत आला. भारा कठड्यावर टेकवून त्यानं आधी घोडीकडं पाहिलं, मग आमच्याकडं.

“कुठलं म्हणायचं पाव्हणं?”

“वडणगं.”

“वडणग्यात कुणाचं?”

मामानं सांगितलं. म्हाताऱ्यानं वडणग्यात दिलेल्या आपल्या चुलतबहिणीचं घर सांगितलं, ते मामाच्या आळीच्या मागंच निघालं. एवढ्यावर आमची पॉलिसी चालू झाली. हप्ता नाही, फॉर्म नाही.

त्याचं पुढचं काम जवळून बघण्यासारखं होतं. घोडा उतरवायला उतार लागतो. कायद्यात फळीची सोय सांगितलीय, आमच्याकडं होती ती फळी अकलूजच्या बाजारातच राहिली होती. म्हाताऱ्यानं रस्त्याकडेचा एक मातीचा बांध दाखवला. दगड काढून, ब्रेकवर, गाडी आठ-दहा फूट मागं सोडली आणि हौदा बांधाला टेकवला. फाळका बांधावर पाडला. मी घोडीची दोरी ओढायला लागलो तर त्यानं माझ्या हातावर हलकी चापट मारली. मग दोन पाट्या माती आणून फाळक्यावर पसरली, वर आपल्या भाऱ्यातली चार पेंढ्यांची वैरण. “लोखंड वाजलं की भितंय ते,” म्हणाला. घोडीनं मान खाली घालून मातीचा वास घेतला. एक खूर पुढं ठेवला, दाबून पाहिला, मागं घेतला. कुणी काही बोललं नाही. पुन्हा ठेवला. मग अंगावरचा सगळा घाम थरथरवून ती एका दमात बांधावर आली आणि लगेच वैरणीला तोंड लावलं.

म्हणून नवख्यांना माझं एकच कळकळीचं सांगणं. पैसे कव्हरवर कमी घालवा आणि आठ दिवस घोड्यावर घालवा. निघण्याआधी त्याला उभ्या गाडीत दहा वेळा चढवा, दहा वेळा उतरवा. कधी उजेडात, कधी रात्री बॅटरीच्या झोतात. क्लच काही तासांत बदलून मिळतो. घाटात गाडीतून खाली यायचंच नाही म्हणणारं घोडं हा खरा बिघाड, आणि त्याचं सुटं सामान कुठल्याच गॅरेजात मिळत नाही. दुसरं, वाटेवरच्या गावांत कोण कुणाला दिलीय ते घरातल्या म्हातारीकडून लिहून घ्या. आमच्या आजीला कोल्हापूर ते मिरज तोंडपाठ होतं.

(चैत्र पौर्णिमेला मात्र यातलं काही करायला जाऊ नका. सासनकाठ्या, हलग्या, गुलाल आणि लाखोंची गर्दी. तिथं देवाच्या लवाजम्यातली सवयीची जनावरंच उभी राहू जाणोत. नवं घोडं घेऊन गेलात तर ते तुम्हाला केर्लीपर्यंत परत आणून सोडेल, आणि पस्तीसच्या वेगानं नव्हे. शिवाय बाजारातून जनावर आणताना ग्लँडर्सच्या तपासणीचा कागद मागून घ्या. हा रोग घोड्याकडून माणसालाही होतो. इथं विनोद नाही.)

गाडीला एका ट्रॅक्टरवाल्यानं साखळी लावून खाली नेलं. त्याचंही वडणग्यात कुणीतरी होतंच. मामानं घोडी हातात धरली आणि आम्ही चालत डोंगर चढलो, शितोळे सरकारांसारखे, फक्त तीन किलोमीटर. म्हातारा उरलेला भारा घेऊन आमच्याबरोबर उलटा वर आला. पेंढ्यांचे पैसे घेईना, म्हणून मामानं त्याच्या नावचाही नारळ घेतला. देवळापाशी घोडीच्या कपाळाला गुलाल लागला, मामा “चांगभलं” ओरडला, आणि माझा फोन वाजला.

“सर, क्रेन घेऊन आलोय. मारुती मंदिरापाशी उभा आहे. घोडा कुठं दिसंना.”

“कुठल्या मारुती मंदिरापाशी?”

“रत्नागिरीत एकच आहे की हो.”

मी कोल्हापूरहून बोलतोय म्हटल्यावर तो बराच वेळ गप्प राहिला. मधे सव्वाशे-दीडशे किलोमीटर आणि आंबा घाट. मग म्हणाला, “सर, कॉल बंद करता येत नाही. घोडा बघून सही घ्यावी लागते. निघू का?”

मी मामाकडं पाहिलं. मामानं फोन हातात घेतला.

“ये की बाबा, ये,” मामा म्हणाला. “येताना दोन किलो सुरमई घेऊन ये, बर्फात घालून. ती मातूर खरंच नाशवंत असती.”