साखर डब्यात, शुगर अंगात

आपल्याकडे साखर डब्यात असते आणि शुगर माणसात. ही वाटणी कुणी केली, कधी केली, याची कुठे नोंद नाही. पण ती इतकी पक्की आहे की कुणाची जीभ चुकूनही घसरत नाही. 'शुगर वाढली म्हणून साखर कमी केली' हे वाक्य मराठी माणूस चहाचा कप हातात धरून सहज बोलून जातो, आणि एकच शब्द दोनदा आला असं ना बोलणाऱ्याला वाटतं ना ऐकणाऱ्याला. बरोबरच आहे. साखर महाग होते, शुगर 'निघते'. निघाली की माणूस आधी दोन दिवस गप्प असतो आणि मग भेटेल त्याला आकडे सांगत सुटतो.

मराठीत इंग्रजी शब्द फार घुसले म्हणून गळा काढणारे आणि भाषा वाहतीच असायची म्हणून टाळ्या वाजवणारे, असे दोन्ही पंथ आपल्याकडे जोरात आहेत. मला दोघांशीही भांडायचं नाही. मला दिसतं ते एवढंच, की आपण इंग्रजी शब्द घेतो ते नुसते बसवून ठेवायला नाही. आल्या आल्या प्रत्येकाला काम लावतो. आणि पुष्कळदा ते काम असं असतं, की जे घरच्या शब्दाला सांगायला आपल्यालाच संकोच वाटावा.

पटत नसेल तर संध्याकाळी सातच्या सुमाराला गल्लीतल्या कुठल्याही दवाखान्यात जाऊन बसावं. दाराशी चपलांचा ढीग, आत भिंतीला लागून बाक, बाकावर पेशंट आणि पेशंटच्या दुप्पट सोबतीला आलेले. खिडकीपलीकडे कंपाउंडर. त्याने कसलाही डिप्लोमा केलेला असो, आपल्याकडे तो कंपाउंडरच. 'नंबर लावलाय का?' हा त्याचा पहिला प्रश्न. पंखा गरगरत असतो आणि कान दिला तर आतलं सगळं बाहेर ऐकू येतं.

'काय होतंय, आजी?'

'काही नाही हो डॉक्टरीणबाई, नुसता वीकनेस. उठलं की गरगरतं.'

'बीपी आहे का तुम्हाला?'

'छे छे. मला बीपी नाही. आमच्या ह्यांना होता.'

वैद्यकाच्या पुस्तकाप्रमाणे ज्या बाईला बीपी नाही ती बाई स्टुलावर बसून बोलू शकत नाही. पण डॉक्टरीणबाई पुस्तकातून परत मराठीत आलेल्या असतात. त्या निमूटपणे पट्टा गुंडाळतात. आपल्याकडे बीपी 'आहे' म्हणजे वाढलेला आहे. वेगळा 'हाय' लावायची गरज नाही. तसंच ॲटॅक म्हटला की तो हृदयाचाच. बिबट्या करतो तो हल्ला. दगड रस्त्यात असतो, स्टोन मूत्रपिंडात. गॅस मात्र स्वयंपाकघरातही असतो आणि पोटातही, पण त्यावरून अजून कुठल्या घरात घोटाळा झालेला नाही. कारण स्वयंपाकघरातला 'संपतो' आणि पोटातला 'होतो'. नाम बाहेरून आणलं तरी लगाम क्रियापदाच्या हातात, आणि क्रियापद आपलं.

त्या कंपाउंडरच्या 'नंबर'चंच बघा. दवाखान्यात नंबर लावतात, वर्गात तो येतो, कॉलेजात लागतो, चष्म्याचा वाढतो, आणि फोनवरचा लागतच नाही. मिसळ एक नंबर असते. पहिलीतल्या पोराला एक नंबरला जायचं असतं. पैसा मात्र दोन नंबरचा. इंग्रजी शिकवणारा एखादा साहेब हे ऐकून भोवळ येऊन पडेल, आणि मग त्याचा नंबर लावावा लागेल.

दवाखान्यातून हॉस्पिटलात गेलं की शब्दांचा आवाज खाली येतो. 'पेशंट सिरीयस आहे' याचा मराठीत अर्थ एकच: गावाकडच्यांना फोन करा. त्यामुळे नातू एखाद्या मुलीबद्दल 'मी सिरीयस आहे' म्हणाला आणि आजीने आधी त्याच्या कपाळाला हात लावून बघितला, तर त्यात तिचं काही चुकलं नाही. आणि मग तो फोन येतो, 'अहो, ते जोशीकाका एक्सपायर झाले.' पहिल्यांदा ऐकताना औषधाच्या बाटलीवरची तारीख डोळ्यासमोर येते आणि ओशाळायला होतं. पण सांगणाऱ्याच्या बाजूने बघा. 'मेले' हे भांडणातलं किंवा शिवीतलं. 'निधन' पेपरातलं. 'वारले' ठीक, पण त्याला जुन्या पोस्टकार्डाचा वास येतो. 'गेले' म्हणावं तर ते म्हणण्याचा हक्क घरच्यांचा. सोसायटीच्या सेक्रेटरीने 'गेले' म्हटलं तर कुणीतरी 'कुठे?' विचारायचं. त्या बिचाऱ्याला मरण शब्द तोंडातून काढायचा नसतो, म्हणून तो एक्सपायर पुढे करतो.

हा आडोसा काही इंग्रजांनी आणला नाही. मराठीत तो पूर्वीपासून आहे. बायकांना कावळा शिवायचा, दिवस जायचे, माणसं परसाकडे जायची. आता तिसऱ्या मजल्यावरच्या वन बीएचकेत परसच नाही, तर परसाकडे जाणार कसं? मग बाथरूमला जायचं. कावळाही कधीचा शिवायचा थांबला. बायका दबक्या आवाजात 'प्रॉब्लेम आहे' म्हणू लागल्या, आणि आता त्यांच्या मुली 'पिरियड्स' म्हणतात, तेही दबक्या आवाजात नाही. मला हे चांगलं वाटतं. पण 'पाळी' हा सरळ, दोन अक्षरी शब्द समोर असताना आवाज मोकळा करायला इंग्रजी का लागावं, हे काही मला अजून उलगडलेलं नाही.

मनातलं बोलायची वेळ आली की तर आपण थेट इंग्रजीच्या मागेच जाऊन उभे राहतो. 'क्षमस्व' रस्ता खोदणाऱ्या नगरपालिकेचं, 'धन्यवाद' सूत्रसंचालकाचं. भावाने भावाला पाणी आणून दिलं आणि भाऊ 'आभारी आहे' म्हणाला, तर आई दोघांत भांडण झालंय का, हे विचारायला बाहेर येईल. 'थँक्यू' मात्र चालतं, कारण ते हलकं आहे. म्हटलं काय, न म्हटलं काय. 'सॉरी'चंही तसंच, पण नुसतं 'सॉरी' आपल्या जिभेला कोरडं लागतं. म्हणून 'सॉरी हं'. 'प्लीज ना'. 'बाय हं, पोचलीस की फोन कर.' तो 'हं' काढून बघा, समोरचा माणूस दोन पावलं मागे सरकल्यासारखा वाटेल.

आणि 'मिस्टर'! जिथे नवऱ्याचं नाव घ्यायला उखाणा लागायचा तिथे त्याला हाक काय मारायची आणि चारचौघांत त्याला म्हणायचं काय, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा पेच. 'नवरा' फार उघडं, 'पती' रेशनकार्डावरचं, 'यजमान' म्हटलं की सोवळं नेसून पाटावर बसलेला माणूस दिसतो. 'हे' चालतं, पण फक्त 'हे' जवळपास असतील तर. या कोंडीतून मराठी बायकांनी 'मिस्टर' काढला. इंग्रजीत तो नावाच्या पुढे धावणारा नुसता भालदार. आपण त्यालाच सिंहासनावर बसवला, वर आदरार्थी बहुवचनही दिलं: 'आमच्या मिस्टरांना वांगं चालत नाही.' वांग्याइतका अस्सल मराठी विषय आणि त्यात मिस्टरांना विभक्तीचा प्रत्यय. याहून जास्त मराठी वाक्य मला तरी सुचत नाही.

घटस्फोटाचंही असंच. या शब्दात स्फोट आहे. ऐकल्याबरोबर काचा फुटतात. 'डिव्होर्स' म्हटलं की वकील, सह्या आणि तारखा एवढंच ऐकू येतं. म्हणून ज्याच्या घरात खरोखर काचा फुटल्या असतील तो 'डिव्होर्स' म्हणतो आणि शेजारी 'घटस्फोट' म्हणतात.

शब्द हुसकावून लावायचे प्रयत्न आपल्याकडे मोठ्या माणसांनी केले आहेत, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. शिवाजी महाराजांनी रघुनाथपंतांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला, कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. पेशव्याचा पंतप्रधान केला, मुजुमदाराचा अमात्य. पण लोकांच्या तोंडी पेशवे ते पेशवेच राहिले आणि मुजुमदार तर आडनाव होऊन आजही दारावरच्या पाटीवर आहेत. पंतप्रधानाने मात्र धीर सोडला नाही. १९४७ साली तो मराठी वर्तमानपत्रांतून थेट दिल्लीच्या गादीवर बसला. सावरकरांनी दिलेल्या शब्दांतले महापौर आणि चित्रपट असे रुळले की ते कुणी घडवले हेही लोक विसरले. 'दिनांक' अर्जावर छापला गेला, पण तोंडात फारसीतून आलेली 'तारीख'च राहिली. आता त्या दोघांच्या मध्ये 'डेट' आली आहे. कोर्टात तारीख पडते, अर्जात दिनांक भरतात, आणि डेट एक तर डॉक्टर बाळंतपणाची देतात नाहीतर पोरं संध्याकाळी जातात त्यावर. तिघांचं एकमेकांत भांडण नाही.

भाषाशुद्धीची बाजू हिरिरीने मांडणाऱ्यांत माधवराव पटवर्धन होते. ते फारसीचे प्राध्यापक, फार्शी-मराठी कोशाचे कर्ते, आणि १९३८ साली 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिणारेही तेच. कविता मात्र ते माधव जूलियन या नावाने लिहीत. मला हा माणूस त्या टोपणनावामुळे जास्तच आवडतो.

आजही कुणी वैतागून 'इंग्रजीचा बंदोबस्त करा' असा तक्रार अर्ज सरकारकडे दिला, तर त्यातला बंदोबस्त, तक्रार, अर्ज आणि सरकार, चौघेही फारसीच्या वाटेने आलेले. ते इतके जुने झालेत की आता तेच दारात उभे राहून नव्यांना अडवतात.

सरकारी मराठी बघायची तर एसटीत. १ जून १९४८ला पुण्याहून अहमदनगरला पहिली गाडी सुटली. पुढे या गाड्यांत चालक आणि वाहक असे शब्द रंगवले गेले. वाचतात सगळे, पण हाक मारताना 'ओ कंडक्टर' नाहीतर 'ओ मास्तर'. 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग' ही पाटी मला फार आवडते. काय ऐसपैस वाक्य आहे! खरोखरच संकट आलं तर ते वाचून होईपर्यंत निम्मी माणसं खिडकीतून बाहेर पडलेली असतील. आणि ज्या गाडीत हे सगळं शुद्ध मराठी लिहिलेलं असतं, तिचं नाव स्टेट ट्रान्सपोर्टची दोन आद्याक्षरं. पण त्या अक्षरांनाही आपण सोडलं नाही. स्त्रीलिंगी केलं आणि वर अनेकवचनही: 'आज एस्ट्या बंद आहेत.'

हे लिंग देण्याचं काम कुठल्या कचेरीत चालतं देव जाणे. टेबल ते, बस ती, ट्रक तो. शाळेत कुणी शिकवत नाही, तरी चारचौघांचं एकमत होतं. बहुतेक वेळा आत लपलेला मराठी शब्द कौल देतो. 'लाइट गेली' म्हणजे वीज गेली, म्हणून ती. पण 'तो लाइट बंद कर' म्हणताना मनात दिवा असतो. पेनाच्या बाबतीत मात्र कौल फुटला. कुणी 'तो पेन' म्हणतं, कुणी 'ते पेन', आणि दोन्हीकडचे लोक एकमेकांना अडाणी समजतात. ग्लासाचं वेगळंच. इंग्रजीत ती काच; आपल्याकडे तो पेल्याच्या जागी बसला आणि स्टीलचा झाला. काचेचा हवा असेल तर तसं सांगावं लागतं, 'पाहुण्यांना काचेच्या ग्लासात सरबत दे.'

काही शब्द तर दोनदा आले. पहिल्यांदा आलेली बाटली इथे राहून बदनाम झाली. 'तो बाटली घेतो' म्हटल्यावर आत काय असेल हे विचारावं लागत नाही. मग पोराच्या दप्तरात पाणी द्यायचं तर काय द्यायचं? दुसऱ्यांदा बोलावून 'बॉटल' आणली. तसंच दोऱ्याचं रीळ. ते पहिल्या फेरीत आलं, ळ घेऊन नपुंसकलिंगी झालं, शिंप्याच्या खणात आणि सिनेमाच्या पेट्यांत राहिलं. आता मोबाइलवर जी आली ती रील, आणि ती बहुधा स्त्रीलिंगी.

आमच्या कोपऱ्यावरचे टेलरकाका मशीनवर वाकलेले होते, सुईत दोरा संपलेला. हाताखालचा पोरगा काउंटरमागे मोबाइलमध्ये मान घालून बसला होता.

'रीळ दे रे,' काका म्हणाले.

'कुठली?' त्याने मान वर न करता विचारलं.

'कुठली नाही, कुठलं. लाल.'