दोन्ही किल्ल्या घेऊन या

कॅराव्हॅन घेतलेल्या माणसाला महिनाभरात दोन गोष्टी कळतात. सोसायटीत तिला जागा नाही. आणि जिथे जागा आहे, तिथे रात्री कुणी नाही.

मग कुलपांची खरेदी निघते. स्टिअरिंगला लोखंडी दांडा, गिअरला कुलूप, चाकाला जॅमर, दाराला अलार्म, सीटखाली जीपीएस. हे सगळं काढून गाडी निघेपर्यंत दुपार होते आणि लोणावळ्याच्या सहलीचं जेवण तळेगावात उरकावं लागतं. चोराला मात्र एक काच फोडली की झालं.

काचेला कुलूप कुठे मिळतं?

राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं. कॅराव्हॅन पार्क, तिथे पाणी, वीज, गाडी लावायला जागा, सगळं कागदावर नीट आहे. कॅराव्हॅन मात्र आपल्याला भेटते ती बहुतेक रीलमध्ये. तिथे तिला चोरीचं भय नाही. फार तर रील चोरीला जाते.

या विषयावर आकुर्डीने खरं तर अधिकारवाणीने बोलावं. फोर्स मोटर्सचं मुख्यालय इथलं, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचं. २००५ पर्यंत ती बजाज टेम्पो होती. कंपनीने नाव बदललं, लोकांनी नाही. तिच्या ट्रॅव्हलरवर देशातल्या कितीतरी कॅराव्हॅन बेतलेल्या असतात. सीटा काढायच्या, पलंग, शेगडी, फ्रिज आणि वळता येणार नाही एवढं शौचालय बसवायचं. पूर्वी ज्या गाडीत दहा-पंधरा माणसं एकमेकांच्या पिशव्यांवर डोळा ठेवून बसायची, तिच्यात आता दोघं झोपतात. सुरक्षा घटली म्हणायची, नाही तर काय?

शेजारी बजाज ऑटो. चेतकसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबलेली पिढी अजून आकुर्डीत आहे. ती शपथेवर सांगते की एकाची किल्ली दुसऱ्याच्या स्कूटरला लागायची. तरी स्कूटर जागेवर असायची. प्रामाणिकपणाचा काळ वगैरे काही नव्हतं हो. ती आधी एका अंगाला कलती करून मग किक मारावी लागे, आणि तेवढ्यात मालकाचा चहा पिऊन व्हायचा.

आता एअरटॅगचं फॅड. गाडीत लपवायचा आणि फोनवर बघत बसायचं की आपली गाडी कुठे चाललीय. युक्ती झकास. फक्त या टॅगमुळे कुणी कुणाचा पाठलाग करू नये म्हणून कंपनीने एक सोय करून ठेवलीय. अनोळखी टॅग सोबत फिरू लागला की जवळच्या फोनवर सूचना येते. जवळचा फोन कुणाचा?

चोराचा.

अलार्मची तऱ्हा वेगळी. तो रात्री तीनला वाजतो, मांजर बोनेटवर बसलं म्हणून. दुसऱ्या रात्री पाऊस पडला म्हणून. तिसऱ्या रात्री खरोखर कुणी दार उचकटत असतं, तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर संदेश पडतो, ‘कुणाची गाडी आहे ती? बंद करा आधी.’ चोराचंही तेच म्हणणं असतं.

सीसीटीव्हीचं काय सांगावं! फुटेज नेहमी मिळतं. त्यात टोपी आणि मास्क घातलेली एक सावली असते, आणि ती सावली कमिटीतल्या प्रत्येकाला विरोधी गटातल्या कुणासारखी तरी दिसते.

पार्किंगच्या भिंतीवर पाटी असतेच. ‘वाहने स्वतःच्या जबाबदारीवर लावावीत.’ पे अँड पार्कच्या पावतीवरही तेच, अक्षर तेवढं बारीक. पैसे घेतात कशाचे? पाटी रंगवायचे?

मुळात चोराला तुमची गाडी हवीच असते, हा मालकाचा गोड गैरसमज. काही वर्षांपूर्वी पुणे जिल्ह्यात इको गाड्यांचे सायलेन्सर पटापट गायब होऊ लागले. गाडी जागेवर, आतला टेप जागेवर, गणपतीसुद्धा जागेवर. सकाळी किल्ली फिरवली की गाडी ट्रॅक्टरसारखी डरकाळायची, तेव्हा मालकाला कळायचं. त्या सायलेन्सरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम हे महागडे धातू असतात. चोर आतली ‘माती’ काढून घ्यायचे आणि विकायचे. या गाडीच्या खाली हात सहज पोचतो, चार बोल्ट सोडवले की काम संपलं. दहा वर्षं आपण पीयूसीच्या नावाने बोटं मोडली. धूर सोडायच्या नळीत प्लॅटिनम आहे, हे सांगायला चोर यावा लागला.

निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीतल्या ट्रकवाल्याला असली व्याख्यानं लागत नाहीत. त्याच्या बॅटरीला वेल्डिंग केलेला लोखंडी पिंजरा असतो. डिझेलच्या टाकीच्या झाकणाला कुलूप. स्टेपनीला साखळी. आणि केबिनमध्ये तो स्वतः, पाय खिडकीबाहेर काढून. चोराला आधी ते पाय दिसतात.

तशी आकुर्डीची खरी कॅराव्हॅन दरवर्षी येते. आषाढीच्या आधी.

तुकोबांची पालखी देहूहून निघते, पहिली रात्र देहूतच इनामदार वाड्यात काढते आणि दुसऱ्या मुक्कामाला आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात येते. २०२५ मध्ये ती १९ जूनला आली. पालखीआधी दिंड्यांचे ट्रक येऊन थडकलेले असतात. चालणारे मागे, संसार पुढे. महिनाभराचा शिधा, हंडे, पराती, सिलिंडर, राहुट्यांचे बांबू, आणि वळकट्यांचा असा ढीग की आपली कुठली हे फक्त गाठीवरून ओळखावं. ताडपत्रीच्या दोऱ्या अशा बांधलेल्या की सोडायला बांधणाराच लागतो. पलंग नाही, फ्रिज नाही, रील तर नाहीच. पण घर आहे, चाकांवर आहे आणि पंढरपुरापर्यंत जातं.

याला कुलूप कुठलं? वर चढून झोपलेला एक म्हातारा.

बाबा तिथे का झोपतात, असं विचारलं तर उत्तर मिळतं, ‘खाली डास फार.’ पण ट्रकच्या फळीला कुणी नुसता टेकला तरी वरून खोकला येतो. पगार नाही, पासवर्ड नाही, चार्जिंग नाही. ते झोपत नाहीत का? झोपतात की. चांगले घोरतात. घोरणाऱ्या माणसाला ओलांडून परात उचलायची हिंमत मात्र आजकालच्या चोरांत उरलेली नाही.

वारीत चोर नसतात, असं कुणी समजू नये. गर्दीत गळ्यातली माळ आणि खिशातलं पाकीट यांवर डोळा ठेवून टोळ्या येतात, त्यातले काही वारकऱ्यांच्याच वेशात. त्यांना धरायला पोलिसही वारकऱ्यांच्याच वेशात. दोघं शेजारी शेजारी टाळ कुटतात. ताल दोघांचाही चुकतो. ओळखायचं कसं, ते माउलींनाच ठाऊक!

विलायतेत मोटारीमागे ओढायच्या कॅराव्हॅनला स्वतःचा नंबर नसतो, पुढच्या मोटारीचाच नंबर मागे लावतात. चोराने आपली मोटार जोडली की कॅराव्हॅनचं आडनाव बदललं. म्हणून तिथे १९९२ पासून कॅराव्हॅनची वेगळी नोंदणी ठेवतात, आणि तो क्रमांक खिडक्यांच्या काचांवर कोरतात. तीच काच. साहेबाला सुचलं म्हणायचं.

आपल्याला सुचली एचएसआरपी. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची झाली. दुचाकीला ४५० रुपये, चारचाकीला ७४५, वर जीएसटी. होलोग्राम, लेझरने कोरलेला क्रमांक, एकदा बसवली की न निघणारं स्नॅप लॉक. पहिली मुदत ३१ मार्च २०२५. पुढे ती इतक्यांदा वाढली की लोक मुदतीचीच वाट बघू लागले. आता प्लेट कुणी सहज चोरू शकत नाही, हे मान्य. गाडीसकट नेली तर इलाज नाही.

कायदाही नवा झालाय. १८६० च्या दंडविधानात घरातल्या चोरीला जादा शिक्षा होती, आणि घर म्हणजे इमारत, तंबू किंवा जहाज. दिंडीची राहुटी घर, तिच्याबाहेर उभा ट्रक घर नव्हे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम ३०५ मध्ये प्रवासी किंवा माल वाहणाऱ्या वाहनाची चोरी आली, त्यातल्या वस्तूंचीही आली. शिक्षा सात वर्षांपर्यंत. आता एखादा वकील उठून म्हणेल, युवर ऑनर, उभ्या गाडीत पलंगावर घोरणारा इसम हा प्रवासी कसा?

त्याच संहितेत आणखी एक गंमत आहे. चोरीचा माल पाच हजारांच्या आतला, चोर पहिल्यांदाच दोषी ठरलेला आणि माल किंवा त्याची किंमत परत केलेली, तर शिक्षा समाजसेवेची. पाच हजार जीएसटी धरून की सोडून, ते कलमात नाही.

तक्रारही आता घरबसल्या. ई-एफआयआर. फक्त तीन दिवसांत ठाण्यात येऊन सही करायची.

जायचं कशाने, गाडी तर गेलीय!

मग विमा. विमा गाडीचा असतो, गाडीतल्या सामानाचा नसतो, हे गाडीत संसार मांडलेल्या माणसाला चोरी झाल्यावर समजतं. दुचाकीच्या नेहमीच्या पॉलिसीत तर असं कलम की नुसत्या ॲक्सेसरीज चोरीला गेल्या तर भरपाई नाही, सोबत गाडीही जायला हवी. चोराला एवढं कळायला नको?

कंपनीचा पहिला प्रश्न ठरलेला. ‘दोन्ही किल्ल्या आणल्यात?’ एकच निघाली की खुर्ची सरकवून बसतात. दुसरी किल्ली गाडीतच राहिली असं खरं बोललात तर निष्काळजीपणा तुमचा, आणि मग तडजोड म्हणून दाव्याचे ७५ टक्के मिळाले तरी पेढे वाटा. एक बरं झालं. पोलिसांत लगेच तक्रार दिली असेल, तर केवळ कंपनीला उशिरा कळवलं म्हणून दावा फेटाळता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये बजावलं. तेव्हा धावायचं ते आधी ठाण्यात.

दावा पुढे सरकायला पोलिसांचा शेवटचा अहवाल लागतो. त्याचं नाव ‘अ’ समरी. गुन्हा खरा, तपास लागला नाही. शाळेत कधी न मिळालेली ‘अ’ श्रेणी माणसाला या वयात अशी मिळते.

आणि समजा, गाडी सापडलीच? मग ती मुद्देमाल होते. ठाण्याच्या आवारात उभी राहते, चाकांतून गवत येतं, काचेवर कुणीतरी बोटाने बदाम काढतं. कोर्टातून सुपुर्दनामा झाला की तुमची तुम्हाला परत.

नेताना स्टेपनी आहे का तेवढं बघून घ्या. नसली तर ई-एफआयआरची सोय आहेच.