ओरिजिनल घेऊन या

'झेरॉक्स चालणार नाही. ओरिजिनल आणा.'

खिडकीपलीकडून हुकूम सुटला आणि सावद्याहून एसटीने जळगावात आलेले आमचे स्नेही जागीच गार झाले. कारण तक्रार होती एका ईमेलची.

दुबईच्या कुणा शेखला म्हणे केळीचे चाळीस कंटेनर हवे होते. त्याआधी 'नोंदणी फी' म्हणून किरकोळ अठरा हजार. सोबत बागेचा फोटो, आणि त्यात घड झाडाला उलटा चिकटवलेला. बारमाही केळीत राबणाऱ्याला तेवढं पुरे. त्यांनी दमडी दिली नाही. उलट दुसरा कुणी फसू नये म्हणून तक्रार द्यायला निघाले. इथेच चुकले. 'किती गेले?' हा पहिला प्रश्न. 'काहीच नाही.' 'मग?' या 'मग'मध्ये जे होतं ते शब्दांत मांडणं अवघड आहे. अजून न झालेल्या मयताचा दाखला मागायला आल्यासारखं त्यांच्याकडे पाहिलं गेलं.

त्यानंतर ओरिजिनल.

आता ईमेलचं ओरिजिनल कुठे असतं? शेखच्या संगणकात, शेख असलाच तर. की सातासमुद्रापारच्या कुठल्या यंत्रात? स्नेह्यांनी बिचकत मोबाइल पुढे केला. 'मोबाइल तुमचा आहे. पाठवणाऱ्याचं ओरिजिनल पाहिजे. सहीचं.' म्हणजे आता शेखला उत्तर लिहायचं: भाऊ, तुमच्याविरुद्ध तक्रार द्यायची आहे, तरी कृपया मूळ प्रत सही करून रजिस्टर पोस्टाने पाठवावी, पाकिटावर पिनकोड विसरू नये. आणि लबाडांचा काही नेम नाही, तो पाठवेलही. वर टपालखर्चाचे दोन हजार मागेल.

गंमत अशी, की खिडकीपलीकडचे बाबूसाहेब बोलले ते खरं होतं. त्यांना मात्र ते माहीत नव्हतं. ईमेलला खरोखर एक 'मूळ' असतं. जीमेल संगणकावर उघडा, तीन टिंबांवर टिचकी मारा, 'मूळ दाखवा' म्हणा. पत्राच्या डोक्यावर दडलेला मजकूर बाहेर येतो. पत्र कुठल्या कुठल्या यंत्रातून हिंडत आलं याच्या नोंदी त्यात खालून वर वाचायच्या असतात. पाठवणाऱ्याचं नाव काय, कुणीही काहीही टाकतो. तपासाचा माग लागलाच तर या नोंदींतून. तेच पत्र तुम्ही नुसतं पुढे ढकललंत, की त्या नोंदी मागे राहतात आणि वर तुमच्याच नोंदी चढतात. गोलाणी मार्केटमधल्या एका पोराने हे सगळं छापून दिलं. स्नेही तो गठ्ठा घेऊन परत खिडकीवर. बाबूसाहेबांनी पानं चाळली, उजेडात धरली आणि म्हणाले, 'हे काय? हे तर इंग्रजीपण नाही. मराठी भाषांतर जोडा.'

कायद्याचं म्हणाल तर तो बिचारा कधीच पुढे गेला. 1 जुलै 2024 पासून लागू असलेला भारतीय साक्ष्य अधिनियम कलम 57 मध्ये सांगतो, की इलेक्ट्रॉनिक नोंद एकाच वेळी किंवा एकामागून एक अनेक फाइलींत साठवली असेल, तर त्यातली प्रत्येक फाइल प्राथमिक पुरावा. म्हणजे सगळीच ओरिजिनल! कलम 63चं प्रमाणपत्र तेवढं जोडायचं. एक भाग आपण भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. पण खिडकीला कायदा कुठे दिसतो? तिला दिसतो फक्त शिक्का. डिजिटल सहीचा सातबारा घ्या. पंधरा रुपये भरून काढा, वर छापलेलं असतं की वेगळ्या सही-शिक्क्याची गरज नाही, आणि तोच कागद पुढच्या खिडकीवर गेला की, 'तलाठ्याचा शिक्का कुठंय?' अरे, तिथे लिहिलंय ना बाबा! स्वतःच्याच सरकारने छापलेली ओळ वाचायची नाही, आणि मे महिन्यात जळगावच्या उन्हात सत्तरीच्या माणसाला पुन्हा गावी पाठवायचं, हा कुठला कारभार? या बाबूंतल्या एकाला तरी कुणी कधी विचारलंय का, की तुझं ओरिजिनल डोकं कुठंय?

असो. तक्रारीने काही होतं का? कॉल-एसएमएसच्या कटकटीसाठी 1909 हा क्रमांक आहे. नोंदणी नसलेल्या जाहिरातबाजाविरुद्ध दहा दिवसांत पाच तक्रारी झाल्या तरी त्याच्यावर कारवाई व्हावी, असा नियम 2025 मध्ये आला. पैसे गेलेच तर 1930 हा क्रमांक, तोही तासाभरात फिरवला तर रक्कम अडण्याची आशा. ईमेलच्या नुसत्या उपद्रवाला मात्र आपल्याकडे वेगळा कायदा नाही. अमेरिकेने 2003 सालीच केला. तिथल्या पेट्या काही रिकाम्या झाल्या नाहीत. एकट्या तक्रारीने कुणी पकडला जात नाही. ढीग साचला तर चाळणी हुशार होते, एवढंच. त्यासाठी 'स्पॅम'चं बटण दाबलं तरी पुष्कळ.

आमच्या स्नेह्यांनी तेही दाबलं होतं. आणि स्पॅमच्या पेटीतलं पत्र तीस दिवसांनी आपोआप पुसलं जातं. कचेरीचा फोन आला तो त्यानंतर.

'साहेब म्हणतात, मोबाइलमधलं ते ओरिजिनल दाखवा.'

'ते पुसलं गेलं. पण तुमच्याकडे माझा गठ्ठा आहे की.'

'तो आहे. पण तो झेरॉक्स आहे.'