लहानपणापासूनच जळके पायजमे

उज्जैनच्या सांदीपनी आश्रमात कृष्ण ६४ दिवसांत ६४ कला शिकला, असे परंपरा सांगते. प्रवेशासाठी त्याने 'मला याच गुरुकुलात का शिकायचे आहे' असा निबंध लिहिल्याचे मात्र कुठे ऐकिवात नाही. आज परदेशी विद्यापीठात जायचे, तर बिचाऱ्याला गुरे राखणे 'पशुधन व्यवस्थापन', गोवर्धन 'आपत्ती निवारण' आणि कंसवध 'नेतृत्वगुण' म्हणून मांडावे लागले असते. सुदामा तर असा प्रवेशनिबंध, म्हणजे एसओपी, लिहून देणाऱ्याच्या फीपाशीच अडला असता. याच नगरीचा अभिमान असलेला कालिदासही नापास. 'रघुवंशा'च्या आरंभीच तो स्वतःला उंचावरच्या फळाकडे हात करणारा बुटका म्हणवून घेतो. सल्लागाराने ते वाक्य खोडून 'लहानपणापासूनच मला काव्याची प्रचंड आवड आहे' असे सुरू केले असते.

या निबंधातून म्हणे अर्जदाराचे वेगळेपण दिसते. ब्रिटनमध्ये विद्यापीठांचे अर्ज एकत्र घेणाऱ्या 'यूकास' संस्थेने २००७ साली अर्ज ताडून पाहिले, तेव्हा २३४ जणांनी एकच आठवण लिहिलेली सापडली: आठव्या वर्षी रसायनांच्या खेळाने प्रयोग करताना पायजमा जळून त्याला भोक पडले आणि विज्ञानाची गोडी लागली. २३४ पायजमे, भोक एकच! वेगळे दिसा, असा हुकूम सुटला की सगळे एकाच शिंप्याकडे जातात. त्यात मुलांची लबाडी कमी, मागणाऱ्याचा भाबडेपणा जास्त.

यावर कुणी म्हणेल, मग काय नुसत्या मार्कशीटवर माणूस तोलायचा? मुळीच नाही. मार्कशीट मुकी असते, हे कबूल. पण मुकीच्या जागी पढवलेली आणून बसवली, म्हणजे न्याय झाला असे नव्हे. लहान गावातल्या मुलाला आपली परिस्थिती सांगायची संधी मिळते, हाही युक्तिवाद ऐकायला गोड आहे. फक्त परिस्थिती ज्याची खरोखर बिकट, त्याला ती सफाईदार इंग्रजीत विकता येत नाही, आणि ज्याला येते त्याच्या बिकटपणावर घरी शिकवणी लावलेली असते. कृत्रिम बुद्धिमत्तेने आता ती शिकवणीही फुकट केली. समता आली म्हणायची, सगळ्यांचेच पायजमे सारखे जळू लागले.

यूकासलाही हे उमगले असावे. २०२६च्या प्रवेशापासून तिने सलग निबंध बंद करून तीन ठरावीक प्रश्न दिले आहेत. मोकळ्या जागांसह ४००० अक्षरांची मर्यादा तेवढी तशीच आहे.