शुक्रवारचे श्रवणगृह
१० जुलै २०१५ पासून जगातले बहुतेक बडे अल्बम शुक्रवारीच प्रकाशित होतात. स्पॉटिफाय मात्र ३० सेकंद वाजलेलं गाणंही 'ऐकलं' म्हणून मोजतं, त्यामुळे अख्खा अल्बम ऐकणारा रसिक दुर्मीळ झाला. तो शुक्रवारी संध्याकाळी ठाण्याच्या माजिवडा नाक्यावर, वाहतूक कोंडीत हमखास सापडतो. नाका ओलांडेपर्यंत कोरियन पॉप संपतो, कापूरबावडी येईतो नॉर्वेचं ब्लॅक मेटलही. हॉर्नमुळे रसभंग होतो, हा आक्षेप फोल आहे. मेटलमध्ये तो ऐकूच येत नाही आणि जॅझमध्ये वादकांपैकीच एक वाटतो. तेव्हा उड्डाणपूल, मेट्रो वगैरे रसिकद्रोही योजनांचा शासनाने फेरविचार करावा. नुसता सिग्नल नीट चालला, तरी अल्बमऐवजी एका गाण्यावर भागवावं लागेल. वाईट वाटतं ते फक्त मागे अडकलेल्या रुग्णवाहिकेचं. तिच्याकडे एकच धून असते.