फुसक्या बारांचे साहेब

बर्मिंगहॅमच्या कुठल्याही उपनगरात हे साहेब भेटतात. साठी उलटलेली, अंगात ट्वीडचा कोट, आवाज मवाळ. बसमध्ये कुणी पायावर पाय दिला तर 'सॉरी' हेच म्हणणार. घरात मात्र काचेच्या कपाटात पंधरा-वीस पिस्तुलं. सगळी खिशात मावणारी, जुनी आणि रीतसर निकामी केलेली. एकही उडत नाही, आणि उडत नाही याचं प्रूफ हाउसचं प्रमाणपत्र प्रत्येकाला आहे. बर्मिंगहॅमची ही संस्था १८१३ साली निघाली ती बंदूक नीट उडते की नाही हे तपासायला. आता ती उडत नाही याचीही ग्वाही देते. साहेबांना यात काही गंमत वाटत नाही.

खरं तर शोभेची म्हणून ठेवलेल्या गारगोटीच्या पुरातन पिस्तुलांना ब्रिटनमध्ये परवाना लागत नाही. पण ती उडू शकतात, एवढ्यानंच साहेबांची झोप उडते.

पाहुणा आला की सुती हातमोजे चढतात. पिस्तूल हातात देताना तंबी, "नळी माणसाकडे नको!" नळीत पोलाद ठोकून वेल्डिंग केलेलं असतं, तरी नको. मग रडगाणं. १९९५पूर्वी निकामी केलेल्यांचा घोडा अजून ओढता येतो, चाप दाबला की 'खट्' वाजतं. २०१६चे युरोपचे नियम आले आणि आतलं सगळंच गोठलं. त्या एका 'खट्'साठी साहेब जास्तीचे पौंड मोजत असत, मडमेला न सांगता.

डेरिंजर काढलं की लिंकन आलेच. बूथनं १८६५ साली त्यांच्यावर झाडलेलं ते पिस्तूल वॉशिंग्टनला फोर्ड थिएटरच्या संग्रहालयात आहे, हे साहेब असं सांगतात की जणू यांनीच ते उसनं दिलंय.

लाडकं मात्र व्हेलोडॉग. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये सायकली बोकाळल्या, सायकलींमागे कुत्री लागली, आणि गालाँ नावाच्या कारागिरानं सायकलस्वारांसाठी हे चिमुकलं रिव्हॉल्व्हर काढलं. कुत्र्याला नुसतं पिटाळायचं असेल तर मिरपुडीसारखी तिखट पूड भरलेली काडतुसंही मिळत. आपल्याकडे 'हाड्' म्हणून भागतं. फ्रेंच माणूस हौशी.

हकीकत रंगात येते तोच कुंपणापलीकडे शेजाऱ्यांचा टेरिअर भुंकतो. साहेब खिडकी लावून घेतात, व्हेलोडॉग कपाटात ठेवून कुलूप घालतात आणि हळूच सांगतात, "जाताना मागच्या दारानं जा. तो चावतो."